घाट आणि घाई

प्रवासाला निघालेल्या माणसाला उपदेश करण्यासाठी आपण स्वतः प्रवास केलेला असावा, अशी काही अट नाही. उलट ज्याने उभ्या जन्मात वाईच्या पलीकडे पाऊल टाकलेले नसते, त्याच्या उपदेशाला अधिकच जोर असतो. गेल्या दिवाळीत आमच्या आळीतला एक मुलगा नोकरीसाठी नायजेरियाला जायला निघाला, तेव्हा याचा मला पुरेपूर प्रत्यय आला. किराणा दुकानदाराने त्याला सांगितले, की तिकडे पाणी म्हणून तोंडाला लावायचे नाही. सलूनवाल्याने त्याची दाढी करता करता सांगितले, की तिकडे रात्री सिंह रस्त्यावर येतात. एका पेन्शनर गृहस्थांनी तर त्याला चौकात उभे करून 'परक्या मुलखात कोणावरही विश्वास ठेवू नये' असे बजावले, आणि लगेच आपल्या पुतण्यालाही तिकडे कुठे चिकटवता येईल का ते पाहा म्हणून सांगितले!

मुलगा माझा विद्यार्थी. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झालेले. दहावीला आमच्या घरात शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत. पण एका लहानशा शाळेत मास्तरकी मिळाली आणि रात्रीच्या वेळी कादंबऱ्या लिहायचा नाद लागला. चार कादंबऱ्या छापून झाल्यामुळे आमच्या आळीत मला सर्वज्ञ समजतात. तेव्हा एका सकाळी त्या मुलाची आई आमच्या ओट्यावर येऊन बसली. मी तिला वहिनी म्हणतो. नवरात्र नुकतेच संपले होते. पावसाळ्यात घरांना बांधलेल्या गवताच्या झड्या केव्हाच उतरल्या होत्या आणि ऊन कसे धुतल्यासारखे पडले होते.

"गुरुजी," ती म्हणाली, "पोरगं म्हनतंय, तिकडं काय भ्या न्हाई. तुमी वाचता-बिचता. खरं सांगा. तिकडं सुरक्षित असतंय का?"

हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता, तर मी चार गोष्टी ठोकून दिल्या असत्या. पण तिने विचारला, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. तिचा नवरा पायाने अधू आहे, आणि तो कशामुळे अधू आहे हे तिला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. ते पुढे येईलच.

"दोन दिवस द्या वहिनी, बघून सांगतो," एवढेच मी म्हणालो.

मग मी शाळेतला नकाशा काढला. वर्षानुवर्षे तो मी मुलांपुढे टांगत आलो. पण आफ्रिकेचा तो पश्चिमेकडे फुगलेला भाग मी कधी नीट पाहिलाच नव्हता. सेनेगल, गिनी, घाना, टोगो, बेनिन... त्या फुगवट्यात पंधरासोळा देश बसले आहेत. कुठे इंग्रजी चालते, कुठे फ्रेंच, कुठे पोर्तुगीज. एकटा नायजेरिया आपल्या महाराष्ट्राच्या तिप्पट. वहिनीने दूरदर्शनवर काय काय पाहिले होते ते तिने मला सांगितले होते. २०१४ साली चिबोक गावच्या शाळेतून मुली पळवून नेल्या, ते एक. २०१९ च्या डिसेंबरात नायजेरियाच्या समुद्रात एका तेलवाहू जहाजावरून अठरा भारतीय खलाशी पळवले आणि त्याच महिन्यात ते सुटून आले, ते दुसरे. दोन्ही बातम्या खऱ्या. परंतु चिबोक त्या देशाच्या ईशान्य टोकाला, आणि पोराची नोकरी नैऋत्य टोकाला, लागोस शहरात. काश्मीरची बातमी ऐकून कोणी महाबळेश्वरची सहल रद्द करावी, तशातला तो प्रकार. खलाशांचे म्हणाल, तर पोरगा जहाजावर जात नव्हता; मोटारसायकली दुरुस्त करायला जात होता. मौज अशी, की आपल्या पुण्याच्या बजाजची मोटारसायकल तिकडे फार चालते. ओकाडा म्हणून तिकडे भाड्याची मोटारसायकल असते, तिच्यावर माणसे मागे बसून जातात. अपघात फार होतात म्हणून लागोसच्या बऱ्याच भागांत २०२२ पासून तिला बंदी आहे. ज्या गाड्या हा मुलगा दुरुस्त करणार, त्यांच्यावरच भाडे देऊन मागे बसू नकोस, असे त्याला सांगायची माझ्यावर पाळी आली!

वाचता वाचता माझ्या एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. आमच्या महाबळेश्वरला दरसाल लाखांनी माणसे येतात. आल्या आल्या त्यांचा पहिला प्रश्न असतो, "इकडे बिबळ्या आहे का हो?" आहे, जंगल आहे तिथे बिबळ्या असायचाच. पण हाच गृहस्थ बिबळ्याला भिऊन संध्याकाळी खोलीची कडी लावतो, आणि सकाळी केट्स पॉइंटवर कठडा ओलांडून, दरीकडे पाठ करून, फोटोसाठी हसत उभा राहतो. इतकी वर्षे मी इथे आहे. बिबळ्याने पाहुणा नेल्याचे मी ऐकलेले नाही; कड्यावरून पाय घसरलेल्यांना वर काढायला दोर घेऊन धावणारे आमचे महाबळेश्वर ट्रेकर्सचे तरुण मात्र मी अनेकदा पाहिले आहेत. माणूस भितो एका गोष्टीला आणि सापडतो दुसरीच्या तावडीत.

पश्चिम आफ्रिकेचेही तसेच. भीती चाच्यांची आणि सिंहाची. पण जाणाऱ्या माणसाला गाठतात ते तिथला रस्ता आणि तिथला डास. जगातल्या हिवतापाच्या रुग्णांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या नायजेरियात असतो. हा डास दिवे लागल्यापासून पहाटेपर्यंत चावतो. म्हणून मच्छरदाणी, अंगभर कपडे, डॉक्टरने दिलेल्या गोळ्या. आणि अंग मोडून ताप आला, की 'थकव्याने आला असेल' असे न म्हणता त्याच दिवशी रक्त तपासणे. परत आल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी ताप आला, तरी डॉक्टरला पहिले वाक्य सांगायचे ते 'मी आफ्रिकेतून आलो आहे' हे. दुसरा पीतज्वर. त्याची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते, मग एक पिवळी पुस्तिका मिळते. २०१६ पासून ती जन्मभर चालते. ती नसेल तर तिकडे उतरताना अडवतात, आणि परतताना आपलेच सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकते. पोराने मुंबईला जाऊन ती टोचून घेतली, आणि ती पिवळी पुस्तिका वहिनीने देव्हाऱ्यात ठेवली.

या हिवतापाशी आमच्या गावाचे जुने नाते आहे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला एके काळी गोऱ्या माणसाचे थडगे म्हणत. १८४१ साली नायजर नदीतून गेलेल्या मोहिमेतले कित्येक गोरे तापाने मेले. पुढे १८५४ साली बेकी नावाचा एक डॉक्टर त्याच नदीतून गेला, त्याने आपल्या माणसांना नेमाने क्विनाइन दिले, आणि तापाने एकही माणूस न गमावता तो परतला. नदी तीच, डास तेच. फक्त काळजी रोज घेतली गेली. इकडे आमचे गावही गोऱ्यांनी आजारातून उठायला म्हणूनच वसवले. गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८२९ च्या सुमारास. म्हणून पेठेचे नाव माल्कम पेठ. क्विनाइनच्या सिंकोना झाडाची लागवडही त्या शतकात आमच्या लिंगमळ्याला करून पाहिली होती. पण आमच्या पावसात ती जगली नाही. लिंगमळ्याचा धबधबा पाहायला मुलांना नेले, की मी त्यांना हे सांगत असे. हा मुलगाही त्या रांगेत असेल.

रस्त्याची गोष्ट त्याहून सोपी आणि त्याहून अवघड. नायजेरियाने १९७२ साली आणि घानाने १९७४ साली गाड्या डावीकडून काढून उजवीकडे नेल्या. आपल्या माणसाची मान रस्ता ओलांडताना सवयीने उजवीकडे वळते. तिकडे पहिली गाडी येते डावीकडून. पोराला मी अंगणात खडूने रस्ता आखून चार दिवस हा पाठ दिला, आणि शेजारची पोरे फिदीफिदी हसली. मोठ्या हमरस्त्यांवर रात्रीचा प्रवास करू नये, हे तर तिथले लोकच सांगतात. खड्डे, बंद पडलेले बिनदिव्याचे ट्रक, आणि काही ठिकाणी लुटारू. नोव्हेंबर संपता संपता सहाऱ्याच्या वाळवंटातून हरमाटन नावाचा कोरडा वारा सुटतो, तो मार्चपर्यंत वाहतो. त्याच्या धुळीने दिवसाउजेडी समोरचे दिसेनासे होते, विमानेसुद्धा खोळंबतात. हे वाचले आणि मला हसू आले. धुळीचे असो की पाण्याचे, धुके ते धुकेच. त्यात काय करायचे, हे त्या मुलाला मी काय शिकवणार? त्याच्या बापाने आंबेनळीच्या घाटात अर्धे आयुष्य काढले होते.

त्याच्या बापाला मी दादा म्हणतो. माझ्याहून तीनचार वर्षांनी मोठा. तेव्हा त्याची स्वतःची जीप होती, आणि घाटाचे त्याचे नियम ठरलेले होते. चढत्या गाडीला आधी वाट द्यायची. ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचे. न्यूट्रलमध्ये गाडी सोडली, की ती आपली राहत नाही. धुक्यात दिवे खालचे ठेवायचे, वरचे लावले तर समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. वरून माती-खडे येऊ लागले, की तिथे थांबून बघत बसायचे नाही. आणि घाटाच्या तोंडाशी जो चहावाला असेल, त्याला विचारल्याशिवाय घाटात शिरायचे नाही. "गुरुजी, नकाशा जुना असतोय," तो म्हणायचा, "च्यावाल्याला आजचं ठाव असतंय."

हा शेवटचा नियम मला इतिहासातही दिसतो. परक्या मुलखात सावधपणे कसे जाऊ नये, याचा धडा आमच्या प्रतापगडाच्या पायथ्याशीच पडला आहे. १६५९ साली अफजलखान एवढी फौज, हत्ती, तोफा घेऊन वाईहून जावळीच्या रानात आला. आमच्याकडे सांगतात, की तो रडतोंडीच्या घाटाने पारला उतरला. त्या घाटाच्या नावातच सारे आले! बळ पुष्कळ होते; पण रान त्याचे नव्हते, आणि ज्यांचे होते त्यांना विचारण्याची सोय नव्हती.

आणि आमच्या घाटालाही विसरून चालत नाही. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा हा डोंगर. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या माणसांची सहलीची बस आंबेनळीच्या दरीत गेली. गाडीतला एकच जण वाचला. त्या दिवशी आमच्या शाळेत मुलांनी आपण होऊन आवाज केला नाही. जुलै २०२१ मध्ये एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. दरडी कोसळल्या, रस्ता जागोजाग वाहून गेला, घाट कित्येक दिवस बंद राहिला. आणि खाली तळिये गावावर डोंगरच आला. अशा डोंगरात राहणाऱ्या बाईने मला विचारावे, 'तिकडं सुरक्षित असतंय का?'

आता ती रात्र सांगतो.

२००३ सालचा श्रावण. माझी पहिली कादंबरी नुकतीच निघाली होती, आणि महाडच्या काही वाचनप्रेमी मंडळींनी माझा सत्कार ठेवला होता. वार शनिवार. दादाच्या जीपने मी गेलो. शाल मिळाली, श्रीफळ मिळाले, गळ्यात हार पडला. चोविसाव्या वर्षी एवढे मिळाले म्हणजे माणूस जमिनीवर राहत नाही. परतताना पोलादपूरला चहा घेतला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. चहावाल्याने आमच्या गाडीकडे पाहिले आणि तो म्हणाला, "वर लई धुकं हाय. दुपारपासनं दगडं येतायत. हितंच टेका, सकाळी जावा."

दादाने माझ्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही. मी म्हणालो, "उद्या सकाळी शाळा आहे. जायलाच हवे."

ही गोष्ट मी पुढे पुष्कळांना सांगितली. एका कादंबरीत ती थोडी बदलून घातलीही. पण तिच्यातले एक वाक्य मी नेहमी गाळत आलो. दुसऱ्या दिवशी रविवार होता. शाळा नव्हती. कादंबऱ्यांनी पोट भरत नाही, असे माझे वडील नेहमी म्हणत. त्यांच्या समोर ती शाल त्याच रात्री, ते झोपायच्या आत, नेऊन ठेवायची मला घाई झाली होती. एवढेच कारण.

अर्ध्या घाटात, वाडा कुंभरोशीच्या अलीकडे, एका वळणावर रस्त्यात धोंडे पडलेले होते. धुक्यात ते दिसले तेव्हा उशीर झाला होता. दादाने गाडी दरीकडे न नेता डोंगराच्या बाजूला घातली. तेवढे एक त्याने केले, म्हणून आज मी हे लिहितो आहे. जीप गटारात उलटली. मला कपाळावर खरचटले. त्याचा उजवा पाय खाली सापडला होता. गाडी रेटून मी कसाबसा तो मोकळा केला, आणि रक्त थांबेना म्हणून सत्काराची शाल फाडून गुडघ्याखाली करकचून बांधली. नारळ गडगडत कुठे गेला देव जाणे. वरून पाऊस. पहाटे तीनच्या सुमारास वरून कोकणात उतरणारा भाजीचा ट्रक आला, तोपर्यंत आम्ही दोघे त्या कठड्याला टेकून बसलो होतो. तो एकदाही माझ्यावर रागावला नाही. मध्येच एवढेच म्हणाला, "गुरुजी, रस्त्यावर फांद्या टाका. मागनं कोन येईल त्याला कळंल."

ट्रकवाल्यांनी आम्हाला खाली पोलादपूरला आणले. तोच चहावाला चूल पेटवत होता. त्याने काही विचारले नाही. नुसता चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत. तो चहा अजून माझ्या घशाखाली नीट उतरलेला नाही.

दादाचा पाय वाचला, पण त्याला जोर राहिला नाही. जीप विकावी लागली. तेव्हापासून तो वेण्णा तलावाकाठी हंगामात कणसे भाजतो, स्ट्रॉबेरी विकतो. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. त्याच्या शिक्षणाचा थोडाफार भार मी उचलला. लोक म्हणत, 'गुरुजी फार मोठ्या मनाचे.' मी ऐकून घेत असे.

दोन दिवसांचे पंधरा दिवस झाले, तरी वहिनीला मी उत्तर दिले नव्हते. पाडव्याच्या संध्याकाळी त्यांनी फराळाला बोलावले. मुलगा भाऊबीज करून निघणार होता. घरात सामान पसरलेले. विमानात किती किलो नेता येते यावर मायलेकांचा वाद चालला होता. वहिनी चकलीचा डबा आत घाली आणि पोरगा तो बाहेर काढी. मेतकूट, तिखट, लोणचे आणि मच्छरदाणी एकाच पिशवीत कोंबलेली. पणत्या लावून झाल्या. मग वहिनीने पुन्हा विचारले, "मग गुरुजी, काय बघितलंत?"

मी सांगायला सुरुवात केली. लस सांगितली, डास सांगितला, रस्त्याची डावी-उजवी बाजू सांगितली. पासपोर्टची प्रत वेगळी ठेवायची, पोहोचल्यावर आपल्या वकिलातीत नाव नोंदवायचे. समुद्र दिसला म्हणून पोहायला उतरायचे नाही, तिथल्या पाण्याला आतून ओढ असते. माणसाशी बोलताना आधी रामराम, मग काम. तसे न करणे तिकडे उद्धट समजतात. आणि देणे-घेणे उजव्या हाताने. हे ऐकून वहिनी पहिल्यांदा हसली. पोरगा डावखुरा आहे, आणि त्याची आजी लहानपणी त्याच्या डाव्या हातातला प्रसाद काढून उजव्या हातात द्यायची. "म्हातारी आफ्रिकेचं शिकवीत हुती म्हनायची," ती म्हणाली.

सगळे हसले. आणि का कोण जाणे, त्या हसण्यातच माझा धीर सुटला. मी म्हणालो, "वहिनी, हे सगळे पुस्तकातले झाले. खरे मला जे ठाऊक आहे ते वेगळेच आहे. त्या रात्री मी दादांना सांगितले की उद्या शाळा आहे. शाळा नव्हती. रविवार होता. मला शाल दाखवायची घाई होती."

घरात पणत्यांची वात चरचरलेली ऐकू येईल इतकी शांतता झाली. दादा भिंतीला टेकून बसला होता. त्याने अधू पाय हाताने उचलून नीट ठेवला.

"मला ठाव हुतं गुरुजी," तो म्हणाला. "दुसऱ्या दिशी आयतवार हुता. मला काय वार कळत न्हाई व्हय?"

"मग तुम्ही निघालात कसे? नाही म्हणायचे होते."

"तुम्ही म्हनलात म्हनून. तुम्हास्नी न्हाई कसं म्हनायचं?"

बावीस वर्षे मी माझ्या खोट्याचा भार वाहिला होता, आणि त्याला ते खोटे पहिल्या क्षणापासून ठाऊक होते. घाट त्याला माझ्याहून शंभरपट कळत होता. चहावाल्याचे त्याला पटले होते. पण गुरुजींना नाही कसे म्हणायचे! भीड ही भिकेची बहीण, असे आपण म्हणतो. त्या रात्री ती आणखी कोणाची तरी बहीण व्हायची, थोडक्यात चुकली.

मी मुलाकडे वळलो. म्हणालो, "बाबा रे, माझे बाकीचे सगळे विसरलास तरी चालेल. तिथे तुला कोणी दरोडेखोर गाडीत घालून रात्री-बेरात्री नेईल, असे मला वाटत नाही. नेईल तो कोणी भला माणूस. साहेब असेल, दोस्त असेल, आपलाच मराठी माणूस असेल. त्याला घाई असेल, आणि तुला त्याला नाही म्हणणे जड जाईल. तेव्हा नाही म्हण. आधी तिथल्या चहावाल्याला विचार, आणि तो नको म्हणाला, तर समोर मी उभा असलो तरी नाही म्हण."

पोरगा काही बोलला नाही. दादा म्हणाला, "घाट काय करत न्हाई लेकरा. घाई करती." आणि वहिनीने चकलीचा डबा पुन्हा एकदा पिशवीत घातला, या वेळी पोराने तो बाहेर काढला नाही.

तो गेला. मुंबईपर्यंत पोहोचवायला दादा आणि वहिनी गेली. मी पसरणीच्या घाटापर्यंत गाडीत बसून गेलो आणि वाईला उतरलो. लागोसहून त्याचे फोन येत असतात. तिकडे मराठी कुटुंबे आहेत, भात-आमटी मिळते, लोक मोठ्याने हसतात आणि अनोळखी माणसाचीही विचारपूस करतात, असे त्याने सांगितले. पेन्शनर गृहस्थांना मी ते मुद्दाम ऐकवले.

माघ महिन्यात एकदा त्याचा फोन आला. इबादानला कामासाठी गेले होते; लागोसपासून सव्वाशे-एक किलोमीटर. काम संपायला संध्याकाळ झाली. साहेब म्हणाले, चल, दोन तासांत घरी पोहोचू. हरमाटनची धूळ होती. याने तिथल्या पहारेकऱ्याला विचारले. तो म्हणाला, सकाळी जा. याने साहेबांना सांगितले, मी सकाळी येतो. साहेब हसले, थोडे रागावलेही. पण शेवटी तेही राहिले.

"मग?" मी विचारले. "रस्त्यावर त्या रात्री काही झाले का?"

"काही नाही गुरुजी. सकाळी चौकशी केली. काहीसुद्धा झालं नाही. साहेब अजून चिडवतात."

मला फार बरे वाटले. सुखरूप प्रवासाची गोष्ट अशीच असायची. तिच्यात सांगण्यासारखे काही नसते. माझ्यासारख्या कादंबरीकाराला ती उपयोगाची नाही, पण मी तशीच उठलो आणि तलावाकाठी जाऊन दादाला ती सांगितली. तो कणीस भाजत होता. त्याने सगळे ऐकून घेतले, निखाऱ्यावर दोनदा वारा घातला, आणि कणसाला मीठ-लिंबू लावून ते माझ्या हातात ठेवले.

"न्हाई म्हनला?" त्याने विचारले.

"म्हणाला," मी म्हणालो.